दाब कुठे गेला? गच्चीवरच्या सोलरची एक चौकशी



मागच्या व्याख्यानात आपण अनुमान या विषयापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे ते जुनं उदाहरण. चाळीस वर्षं आम्ही ते शिकवलं आणि दरवर्षी मुलांनी ते पाठ करून पेपरात लिहिलं. सेमिनरी हिल्सवर खरोखर धूर दिसला तर त्यांतला किती जणांनी अनुमान केलं असतं, कोण जाणे.

त्या व्याख्यानानंतर इंग्लंडमधून एका श्रोत्यांचा प्रश्न आला. ते सध्या मुलाकडे राहतात. घरात नवी हीटिंग बसवली आहे: बॉयलर, खोल्याखोल्यांतून रेडिएटर, गरम पाणी फिरवणारे पाइप. बॉयलरवरचा दाबाचा काटा रोज खाली येतो. रोज पाणी भरून तो वर न्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. बसवणारा म्हणतो, आमचं काम चोख आहे. 'सर, तुमच्या न्यायशास्त्राचा इथे काही उपयोग होतो का?' असं त्यांनी विचारलं. प्रश्नात थोडी चेष्टा होती, हे आम्हाला कळलं. पण आम्ही तो प्रश्न मनावर घेतला, कारण याच प्रकारच्या एका प्रकरणात आम्ही गेल्या वर्षी चांगलेच तोंडावर आपटलो होतो.

नागपुरात घर गरम करायची यंत्रणा कुणाकडे नसते. 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 वर उतरला होता, तेव्हाही आपण रजया काढल्या आणि शेकोट्या पेटवल्या. आपली सगळी अक्कल कूलर आणि वाळ्याच्या ताट्या यांत खर्च होते. पण अंघोळीला गरम पाणी लागतं, आणि ऊन तर आपल्याकडे उधळायला आहे. म्हणून संक्रांतीनंतर आम्ही गच्चीवर 200 लिटरचा सोलर बसवला. बाथरूममधल्या शॉवरला जोर यावा म्हणून सोबत प्रेशर पंप घेतला, आणि टाकी दाब सहन करणारी, बंदिस्त जातीची घेतली. साधा सोलर असतो त्याला हवेचा उघडा पाइप असतो. त्याच्या टाकीत पंपाचा दाब सोडायचा नसतो, टाकी फुगते. ही चूक अनेक घरांत होते. आमच्याकडे ती झाली नव्हती.

रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओव्हरहेड टाकीतून पाणी पंपात येतं. पंपाशेजारी 24 लिटरची प्रेशर टँक आणि दाबाचा काटा. दाब 2 किलोवर उतरला की पंप आपोआप चालू होतो, 3 किलोवर बंद होतो. (आपले प्लंबर 'किलो' म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो. तिकडचा बार जवळपास तेवढाच.) पुढे पाइपाला दोन फाटे: एक थेट घरात गार पाण्याचा, दुसरा सोलरच्या टाकीत. सोलरच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे पाण्याला आत जाऊ देणारी पण मागे येऊ न देणारी झडप. सोलरमधून गरम पाणी घरात उतरतं. आणि सोलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. आतला दाब 6 किलोच्या वर गेला की तो उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो.

मार्चमध्ये कधीतरी रात्री आम्हाला जाग आली. गच्चीवर पंप घुर्र करून चालू झाला आणि मिनिटभरात थांबला. घरात एकही नळ उघडा नव्हता. पुढच्या रात्री आम्ही घड्याळ उशाशी ठेवलं. साधारण बारा वाजता एकदा, पावणेतीनला एकदा, साडेपाचला एकदा.

प्लंबरला बोलावलं. तरुण मुलगा, हात चांगला. त्याने काटा पाहिला, कान लावून पाहिलं आणि म्हणाला, 'सर, पाणी कुठंतरी जाऊन राहिलं. भिंतीत असंन. टाइल फोडून पाहा लागंन.' आम्ही भडकलो. नवं काम, महिनाही झाला नाही, म्हणजे तूच एखादा जोड कच्चा ठेवला, हे आमचं तत्काळ अनुमान. त्याची काही रक्कम द्यायची बाकी होती, ती आम्ही अडवली. तो काही बोलला नाही. हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेला.

आता इथे थांबू. आम्ही केलं ते अनुमान कसलं होतं? दाब उतरतो हे कार्य, भिंतीतला कच्चा जोड हे कारण. कार्यावरून कारणाकडे जाण्याला न्यायसूत्रांत 'शेषवत्' म्हणतात. भाष्यकार वात्स्यायनांचं उदाहरण नदीचं आहे: नदी गढूळ होऊन दुथडी वाहते आहे, तेव्हा वर कुठेतरी पाऊस झाला असणार. आणि गंमत म्हणजे या अनुमानावरचा आक्षेपही सूत्रकारांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे: खाली कुणी पाणी अडवलं असेल तरीही नदी फुगते! मग फुगलेल्या नदीवरून पाऊस कसा ठरवायचा? त्याला दिलेलं उत्तर फार व्यवहारी आहे. नुसती फुगलेली नदी हा हेतू नव्हेच. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, तो पानं, फळं, लाकडं वाहून आणतो. अडवलेल्या पाण्याला हे नसतं. म्हणजे 'पूर आला' एवढ्यावर न थांबता पूर कसा आला, हे पाहायचं.

आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. 'दाब उतरतो' एवढ्यावर आम्ही फुगलेली नदी पाहिली आणि पाऊस ठरवला. निकाल दिला आणि दंडही वसूल केला.

काट्याची आणखी एक अडचण आहे. पास्कलने दाखवून दिलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये ते छापलं गेलं, की बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो. उंचीमुळे पडणारा फरक वेगळा. यावर कितीतरी यंत्रं चालतात. पण शोध घेणाऱ्याची यात पंचाईत होते. गळती तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये असो की गच्चीवर, काटा सारखाच उतरतो. किती गेलं ते तो सांगेल, कुठून गेलं ते नाही. म्हणून काट्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी शहाणपण येत नाही. शहाणपण येतं ते व्हॉल्व्ह बंद केल्याने. एक एक भाग तोडून वेगळा करायचा आणि विचारायचं: हा नसताना दाब उतरतो का? आपल्याकडे याला व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रात भेदाची पद्धत म्हणून जवळपास हेच मांडलं. दोन्ही आम्ही शिकवलेलं होतं. गच्चीवर मात्र नेलं नव्हतं.

तर नेलं. आधी मोजमाप. सगळे नळ बंद ठेवून, दाब 3 वर असताना, एक नळ बादलीत सोडला आणि पंप चालू होईपर्यंत किती पाणी पडतं ते मोजलं. साधारण साडेपाच लिटर. म्हणजे काटा 3 वरून 2 वर येतो तेव्हा साडेपाच लिटर पाणी गेलेलं असतं. पंप रात्री पावणेतीन तासांनी चालू होतो, म्हणजे तासाला दोन लिटर. मिनिटाला तीस-पस्तीस मिलीलिटर. ही सुतासारखी धार झाली. भिंतीत एवढं पाणी महिनाभर मुरत असतं तर आतापर्यंत खालच्या खोलीत रंगाला फुगे आले असते, निदान ओल तरी दिसली असती. भिंती कोरड्या खडखडीत. संशयाला पहिला तडा इथे गेला.

पहिल्या रात्री पंप आणि प्रेशर टँक यांच्या लगेच पुढचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. काटा या बाजूला राहिला. समजा पंपाची स्वतःची झडप नीट बसत नसती, तर पाणी उलटं ओव्हरहेड टाकीत गेलं असतं. कुठे थेंब नाही, ओल नाही, आणि दाब मात्र उतरतोच. हे सर्रास होतं आणि लोक भिंती फोडत बसतात. आमचा काटा तासभर 3 वर खिळून राहिला. पंप निर्दोष.

दुसऱ्या रात्री मुख्य व्हॉल्व्ह उघडला आणि सोलरकडे जाणारा बंद केला. म्हणजे घरातली गार पाण्याची सगळी लाइन चाचणीत आली. काटा हलला नाही. तिसऱ्या रात्री सोलर उघडला, पण सोलरमधून घरात उतरणारी गरम लाइन बंद केली. काटा उतरायला लागला.

आता बघा. घरातली गार लाइन सुटली, गरम लाइन तोडलेली असूनही दाब उतरला. तेव्हा भिंतीतला एकही पाइप या गुन्ह्यात नव्हता. वात्स्यायन शेषवत्‌चा दुसरा अर्थही देतात: जे जे शक्य ते एकेक वगळत गेल्यावर जे शेष उरतं ते. आमच्या हातात शेष उरली ती गच्चीवरची टाकी आणि तिच्यावर बसवलेल्या दोन-चार वस्तू. टाइल फोडल्या असत्या तर हजारो रुपये गेले असते, वर आतला चांगला पाइप फोडताना खरी गळती तयार झाली असती ती निराळी.

इथे मनात एक शंका आली, ती सांगायला हवी, कारण ती खोटी नव्हती. पाणी गार झालं की आकसतं. रात्री टाकीतलं पाणी थंड होतं, त्यामुळेच दाब उतरत नसेल? गळती नाहीच, नुसतं आकुंचन? कल्पना आम्हाला फार आवडली. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला असं निर्दोष कारण आवडतंच. पण हिशेब केला. 60 अंशांचं 200 लिटर पाणी 50 अंशांवर आलं तर साधारण एक लिटर आकसतं. आमचं रात्रीतून पंधरा-सोळा लिटर जात होतं. कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. उरलेलं पाणी कुठेतरी जात होतंच. पण गच्ची कोरडी, टाकीखाली थेंब नाही.

आमच्या घरच्या मंडळींनी हे सोडवलं. सकाळी अंगण झाडताना ती म्हणाली, 'अहो, तीन महिन्यांत पाऊस नाही, मग पन्हाळीच्या पाइपाखाली शेवाळ कुठून आलं?' आम्ही जाऊन पाहिलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप, त्याच्या तोंडाशी ओल, शेवाळ, आणि शेजारचा कढीपत्ता भर मार्चात तरारलेला. पूर आपली पानं-फळं बरोबर आणतो, ती आमच्या अंगणात महिनाभर पडून होती.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक पाइप जोडलेला होता आणि तो थेट पावसाच्या पाइपात सोडला होता. तो कुणाच्या सांगण्यावरून? आमच्या. पापड-कुरडयांचे दिवस जवळ आले होते, गच्चीवर वाळवण घालायचं, तिथे ठिबकायला नको, म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितलं होतं. तो म्हणालाही होता, 'सर, हे पाणी दिसलं पाहिजे.' आम्ही म्हटलं, ओल नको. त्या रात्री पाइपाला हात लावला, कोमट होता.

पण सेफ्टी व्हॉल्व्ह का गळावा? नवा कोरा होता. इथे दुसरं कारण पहिल्याच्या पाठीमागे उभं सापडलं. सकाळी 20 अंशांचं पाणी दुपारी 80 पर्यंत तापतं. 200 लिटरमागे ते सुमारे साडेपाच लिटर फुगतं. पाणी दाबून लहान होत नाही. मागे जावं तर एनआरव्ही आडवी, पुढे जावं तर नळ बंद. पंपाजवळची प्रेशर टँक झडपेच्या अलीकडे, तिथपर्यंत त्याला पोहोचताच येत नाही. म्हणून दाब चढत चढत 6 वर जाई आणि रोज दुपारी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडे. संकटासाठी ठेवलेली वस्तू आम्ही रोजच्या कामाला जुंपली होती. नव्या पाइपांत कापकामाचा कीस, टेफ्लॉनचे तुकडे असतातच. त्यातला एक कण झडपेच्या बैठकीत अडकला आणि मग ती पूर्ण मिटेनाशी झाली.

आणि दिवसा पंप का बोंबलत नव्हता, तेही यात सुटलं. दुपारी गरम बाजूचा दाब 3 च्या पुष्कळ वर असे. पाणी तेव्हाही ठिबके, पण ते फुगलेलं पाणी असे. एनआरव्ही मिटलेली, त्यामुळे अलीकडच्या काट्याला पत्ताच नाही. आतमध्ये 6 किलो आणि काटा दाखवतोय निवांत 3. रात्री पाणी गार होऊन दाब 3 च्या खाली आला की झडप उघडायची, ठिबकलेल्याची भरपाई पंपाकडून व्हायची आणि आमची झोपमोड. पास्कलचा नियम बरोबरच आहे, फक्त मधली दारं उघडी असेपर्यंत.

या सगळ्या दिवसांत एका हितचिंतकांनी आम्हाला सोपा उपाय सांगितला होता: सेफ्टी व्हॉल्व्ह काढा आणि तिथे डमी मारून टाका. गळती बंद. खरंच बंद झाली असती. काटा रात्रभर 3 वर राहिला असता, पंप झोपला असता, आम्हीही झोपलो असतो. मे महिन्यात घरची माणसं आठ दिवस गावाला गेली, पाणी कुणी वापरत नाही, ऊन पंचेचाळीस अंशांचं. गीझरचं बटण बंद करता येतं, सूर्याचं नाही. टाकीतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापतं आणि उकळत नाही. पत्रा फाटला की त्याच क्षणी त्यातल्या काही भागाची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. देनी पापँने 1679 मध्ये हाडं शिजवायला आपलं बंद भांडं दाखवलं, ते आपल्या कुकरचं पूर्वज. त्यालाही वाफेला वाट ठेवावी लागली. कुकरची शिटी त्रास देते म्हणून कुणी तिच्यावर वरवंटा ठेवत नाही. सोलरवर मात्र लोक डमी मारतात, कारण तो स्वयंपाकघरात नसतो, गच्चीवर असतो. तुमच्यापैकी कुणाच्या गच्चीवर असा डमी असेल तर हे व्याख्यान इथेच थांबवून आधी प्लंबरला फोन करा. आम्ही रागावणार नाही.

आम्हीही केला. तो मुलगा आला. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, त्याचा पाइप पावसाच्या नळीतून काढून गच्चीवरच्या मोरीपाशी डोळ्यांसमोर उघडा ठेवला. एनआरव्ही आणि सोलर यांच्या मध्ये गरम पाण्याला चालणारी 24 लिटरची दुसरी टँक बसवली, आत रबरी पडदा आणि पडद्यापलीकडे 3 किलो हवा. फुगलेलं पाणी आता तिच्यात जातं, हवा दबते, रात्री पाणी परत येतं. रक्कम दिली, अडवलेलीही दिली. आम्ही त्याला म्हटलं, चूक आमची होती. तो म्हणाला, 'जाऊ द्या सर, होऊन जाते.' चहा मात्र घेतला नाही, पुढच्या कामाला उशीर झाला म्हणाला.

आता इंग्लंडच्या श्रोत्यांकडे वळू. तुमची यंत्रणा आमच्यापेक्षा सोपी आहे, कारण ती पूर्ण बंद आहे. तेच पाणी फिरतं, कुणी नळाने काढत नाही. थंड असताना 1 ते दीड बार, तापल्यावर 2 च्या आसपास, आणि 3 वर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. नव्या यंत्रणेत पहिले काही दिवस दाब थोडा उतरणं हा दोष नव्हे. पाण्यात मिसळलेली हवा तापल्यावर सुटते, रेडिएटरमधून ती काढली की तेवढी जागा रिकामी होते. दोन-चारदा भरावं लागेल. पण महिना होऊनही रोज भरावं लागत असेल तर भरणं थांबवा आणि शोध सुरू करा. दरवेळी नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो, लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, आणि तो काळा गाळ पंपात जाऊन बसतो. रोज भरल्याने काटा वर दिसतो आणि आजार आत वाढत राहतो.

आधी काट्याची चाल लिहून काढा, थंड असतानाची आणि तापल्यावरची. तापल्यावर थेट 3 कडे धावत असेल आणि थंड झाल्यावर शून्याजवळ येत असेल, तर बॉयलरमधल्या प्रसरण-टाकीतली हवा गेलेली आहे, किंवा पडदा फाटला आहे. म्हणजे आमचंच प्रकरण. तापो न तापो, सारख्या गतीने उतरत असेल तर गळती. मग रात्री हीटिंग बंद करून, बॉयलर निवल्यावर, त्याच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी हीटिंग सुरू करण्याआधी ते आठवणीने उघडा. बॉयलरचा काटा तरीही उतरला तर दोष बॉयलरच्या पेटीत. टिकला, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर उतरला, तर पाइप आणि रेडिएटर. मगच जमीन उचकटायचा विचार. आणि घराबाहेर भिंतीतून एक बारीक पाइप निघालेला असेल, सेफ्टी व्हॉल्व्हचा. हीटिंग चालू असते तेव्हा तिथून उकळतं पाणी येऊ शकतं, म्हणून रात्री सगळं गार झाल्यावर त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधा आणि सकाळी बघा. पेटीचं झाकण स्वतः उघडू नका. गॅसचं काम तिथे गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसानेच करायचं असतं, तो कायदा आहे.

एवढं त्यांना गेल्या आठवड्यात कळवलं आहे. पिशवी बांधली, असा निरोप आला. सकाळी तिच्यात काय सापडलं, ते अजून कळलेलं नाही.